ग्रंथसूचीच्या मुक्त स्रोत प्रकल्पाला नवे डेव्हलपर हवे आहेत: गोव्यात शोधायचे कुठे आणि टिकवायचे कसे?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गोव्यातल्या लहान वाचनालयांसाठी आम्ही काही मंडळी मिळून ग्रंथसूचीची एक मुक्त स्रोत प्रणाली (जिचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो) चालवतो. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे आहे. तिथे प्रशिक्षित ग्रंथपाल आहेत, मोठी इमारत आहे. आमचे काम त्या पातळीवरचे नाही. गावातल्या एखाद्या मंडळाच्या खोलीत काही कपाटे असतात, संध्याकाळी थोडा वेळ ती खोली उघडते, एक जुना लॅपटॉप असतो आणि पावसाळ्यात वीज व इंटरनेट या दोहोंचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी पुस्तके एकाच सूचीत नोंदवता यावीत आणि वाचकाला ती सहज सापडावीत, एवढाच प्रकल्पाचा हेतू आहे. कोड पायथन या भाषेत आहे, नोंदी साठवायला एसक्यूलाइट हा डेटाबेस आणि परवाना म्हणजे जीपीएल या मुक्त परवान्याची तिसरी आवृत्ती.

अडचण माणसांची आहे. मुख्य कोड समजणारे दोघेच उरले आहेत आणि त्यांपैकी एक जण पुढल्या वर्षी शिक्षणासाठी बाहेर जाणार आहे. आम्ही महाविद्यालयांत कार्यशाळा घेतल्या. मुले उत्साहाने आली, कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खाती उघडली, कोड आपल्या संगणकावर उतरवून घेतला, आणि पुढे त्यांच्यापैकी कोणी दिसले नाही. पैसे देण्याची आमची ऐपत नाही. ज्यांनी असे प्रकल्प चालवले आहेत किंवा अशा प्रकल्पांत काम केले आहे त्यांनी सांगावे, की नवे डेव्हलपर कुठून आणावेत आणि ते राहावेत म्हणून काय करावे.

खाजन

आपला मजकूर वाचल्यावर मी आधी रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा कोड जिथे ठेवला आहे ती जागा, पाहिली. बाहेरच्या लोकांनी पाठवलेल्या काही पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) तिथे उत्तराविना पडून आहेत. त्यांतली एक तर चांगली आहे: ग्रंथनामाच्या शेवटी राहिलेल्या रिकाम्या जागा काढून टाकणारा छोटा बदल, सोबत तो बरोबर चालतो का हे तपासणारी चाचणीही लिहिलेली. 'पाहिले, सवडीने तपासतो' एवढेही तिच्याखाली कोणी लिहिलेले नाही. त्यामुळे माणसे मिळत नाहीत हे निदान मला पटत नाही. माणूस आला होता, काम करून घेऊन आला होता, आणि त्याला उत्तर मिळाले नाही.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने आपल्या नोंदी तपासल्या तेव्हा असे आढळले होते, की ज्यांच्या पहिल्या पॅचचा (पाठवलेल्या बदलाचा) रिव्ह्यू, म्हणजे तपासणी, ४८ तासांच्या आत झाला ते पुन्हा काम करायला येण्याचे प्रमाण फार मोठे होते, आणि ज्यांना सात दिवसांहून अधिक वाट पाहावी लागली त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच परतले नाही. यामागचे कारण समजायला अवघड नाही. जुन्या सभासदाला उत्तर मिळाले नाही तर त्याला ठाऊक असते, की समोरचा कामात आहे. नव्याला ते ठाऊक नसते. मौनाचा अर्थ तो नकार असाच घेतो, आणि आठवडा उलटला की आपण काय लिहिले होते आणि का लिहिले होते, हेही त्याच्या डोक्यातून गेलेले असते.

म्हणून भरतीची मोहीम काढण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी: येणाऱ्या प्रत्येक नव्या व्यक्तीला दोन दिवसांच्या आत उत्तर कोण देणार? त्या व्यक्तीचे नाव प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असावे. पूर्ण रिव्ह्यू जमत नसेल तर 'रविवारी पाहतो' एवढे लिहावे आणि रविवारी खरोखर पाहावे. तुमच्याकडे आज कोड लिहिणाऱ्यांपेक्षा कोड तपासणाऱ्यांची टंचाई अधिक आहे. ती तशीच ठेवून आणखी लोकांना बोलावले, तर उत्तराची वाट पाहणाऱ्यांची रांग तेवढी लांबेल.

पठार

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो, त्यामुळे महाविद्यालयांच्या बाजूने थोडे लिहितो. गोव्याच्या आकाराच्या मानाने इथे संगणक शिकणाऱ्या मुलांची वाण नाही. फर्मागुडीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्सचा परिसर, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ. यांतले कोणतेही ठिकाण दुसऱ्यापासून दोन तासांच्या पलीकडे नाही. मोठ्या शहरांतल्या प्रकल्पांना ही सोय नसते.

विद्यार्थी नोकरीच्या अर्जावर लिहिण्यासाठी येतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला त्यात गैर काही दिसत नाही. बक्षीस कशाला ठेवले आहे यावर मात्र बरेच अवलंबून असते. डिजिटलओशन या कंपनीने २०१४ साली हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम सुरू केला. ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. २०२० साली त्याचा इतका अतिरेक झाला, की माहितीच्या फाईलमध्ये एखादे विशेषण वाढवून पाठवलेल्या निरर्थक रिक्वेस्टींनी मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, हैराण झाले, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून नाव नोंदवले असेल त्यांनाच यापुढे धरायचे, असा नियम आयोजकांना महिना चालू असतानाच करावा लागला. संख्या मागितली की संख्या मिळते.

गूगलचा समर ऑफ कोड हा मुक्त स्रोत प्रकल्पांत काम करू देणारा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. तिथे मानधन असते, प्रत्येकामागे मार्गदर्शक असतो, आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही तो खुला झाला आहे. पण त्यात प्रकल्पाची निवड व्हावी लागते आणि मार्गदर्शकांना महिनोन्महिने वेळ द्यावा लागतो. दोन माणसांच्या प्रकल्पाने आज त्यामागे लागू नये, असे माझे मत आहे.

त्यापेक्षा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विचार करावा. त्यातली खरी अडचण बाहेरून दिसत नाही. परीक्षकांना 'नवे' काहीतरी पाहायचे असते. त्यामुळे विद्यार्थी एक भलेमोठे मॉड्यूल स्वतंत्रपणे लिहितात, मे महिन्यात त्याचे सादरीकरण करतात आणि निघून जातात. ते मॉड्यूल मूळ कोडमध्ये कधीच येत नाही. उलट एखाद्याने दुसऱ्यांनी लिहिलेला कोड दोन महिने वाचून, समजून घेऊन, चाळीस ओळींची अचूक दुरुस्ती केली, तर तिला गुण कसे द्यावेत हे विभागाला कळत नाही. तेव्हा विद्यार्थ्यांच्या आधी मार्गदर्शक शिक्षकाला भेटा. काम लहान तुकड्यांत होईल, प्रत्येक तुकडा मूळ कोडमध्ये स्वीकारला गेल्यावरच पुढचा हाती घेतला जाईल, आणि रिव्ह्यूतली चर्चा अहवालाचा भाग मानली जाईल, एवढे त्याच्याकडून सत्राच्या सुरुवातीलाच कबूल करून घ्या. एक शिक्षक वळवला तर दरवर्षी दोन-तीन मुले मिळत राहतील. कार्यशाळेच्या खटाटोपातून एवढे पदरात पडत नाही.

वाटसरू

थोडा अप्रिय प्रश्न विचारतो, राग मानू नये. ग्रंथालयांसाठी कोहा ही मुक्त स्रोत प्रणाली उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी ती तयार झाली, २००० सालापासून वापरात आहे, जीपीएलखाली आहे आणि भारतातही अनेक ग्रंथालये ती वापरतात. तिच्यामागे जगभरचे डेव्हलपर आहेत. मग एखाद्या हुशार मुलीने आपला मोकळा वेळ तिकडे न देता तुमच्या प्रकल्पाला का द्यावा? 'आम्ही गोव्यातले, तूही गोव्यातली' एवढ्या उत्तरावर ती महिनाभर थांबेल. प्रकल्प कशासाठी आहे हे ज्याला दोन वाक्यांत सांगता येत नाही, त्याने स्वयंसेवक मागू नयेत.

मांडवीकाठ

प्रश्न रास्त आहे, राग कसला. कोहासाठी लिनक्स सर्व्हर लागतो, मारियाडीबी हा डेटाबेस लागतो आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. जिथे पगारी ग्रंथपाल आहे तिथे कोहाच घ्यावी, असे आम्ही स्वतः सांगतो. आमची प्रणाली एका लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालते, आणि तिच्यातल्या नोंदी मार्क या ग्रंथालयांच्या प्रमाणित स्वरूपात बाहेर काढता येतात, म्हणजे वाचनालय वाढले तर त्याला पुढे कोहाकडे जाता येते. दुसरे म्हणजे, देवनागरी आणि रोमी यांच्या आरपार शोध घेणारा आणि मराठी वर्णक्रम लावणारा भाग आम्ही वेगळ्या लायब्ररीच्या (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या) रूपात काढत आहोत. तो कोणत्याही प्रणालीला वापरता येईल.

खाजन यांनी दाखवलेल्या पुल रिक्वेस्टींना आज उत्तरे गेली आहेत. रिकाम्या जागांची दुरुस्ती स्वीकारली आहे.

वाटसरू

हे जे आपण इथे लिहिले तेच पहिल्या पानावर घाला. सध्या तिथे इन्स्टॉल कसे करायचे यापलीकडे काही नाही. वर्णक्रमाची वेगळी लायब्ररी हे तुमचे सर्वांत आकर्षक काम आहे आणि तुम्ही त्याचा उल्लेख धाग्याच्या पहिल्या मजकुरातही केला नव्हता.

या संदर्भात केरळचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग हा गट या शतकाच्या सुरुवातीला कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरातून उभा राहिला. फॉन्ट, टंकलेखनाच्या पद्धती, शुद्धलेखन-तपासणी, भाषांतरे अशी कामे तिथल्या स्वयंसेवकांनी केली, आणि गटाने समर ऑफ कोडमध्येही भाग घेतला. आपल्या भाषेत संगणक नीट चालत नाही ही अडचण त्या मुलांना रोज स्वतःला जाणवत होती, आणि म्हणून ती तिथे टिकली. आपल्याकडेही अशी अडचण असलेली माणसे शोधावीत. ज्याने कधी देवनागरीत पुस्तक शोधलेले नाही आणि शोधण्याची इच्छाही नाही, तो कितीही चांगला प्रोग्रॅमर असला तरी तुमच्याकडे राहणार नाही. आसगाव-शिवोलीच्या बाजूला बाहेरून येऊन घरून काम करणारे पुष्कळ अनुभवी डेव्हलपर आहेत. त्यांच्याकडून रिव्ह्यूची मदत जरूर घ्यावी, पण प्रकल्पाचा भार त्यांच्यावर टाकू नये.

शेवंती

मी फोंड्यात राहते आणि घरून एका कंपनीचे काम करते. आतापर्यंतच्या चर्चेत विद्यार्थ्यांचाच विचार झाला आहे. नोकरी करणाऱ्या, मुले लहान असलेल्या, काही वर्षे काम थांबवून पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या स्त्रियांची संख्या आपल्याकडे कमी नाही आणि त्यांना कोड लिहिता येतो. शनिवारी दिवसभराची कार्यशाळा पणजीला ठेवली, की आम्ही आपोआप वगळल्या जातो. आउटरीचीसारखा कार्यक्रम या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहतो: काम दूरस्थ असते, मानधन असते, आणि अर्जाच्या काळातच प्रत्यक्ष प्रकल्पात लहानसे योगदान द्यावे लागते, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकमेकांची ओळख होते. मानधन आपण देऊ शकत नाही. मात्र चर्चा लेखी ठेवणे, बैठकीत ठरलेले त्याच दिवशी लिहून टाकणे आणि रात्री अकरा वाजता अर्धा तास मिळाला तर त्या अर्ध्या तासात पुरे होईल असे काम तयार ठेवणे, एवढे तर पैशाविना करता येते.

तसे काम तयार ठेवण्याची पद्धत लिब्रेऑफिसकडून घ्यावी. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळे झाल्यावर त्यांना प्रचंड मोठा आणि जुना कोड सांभाळायला माणसे हवी होती. त्यांनी 'ईझी हॅक' म्हणून कामे वेगळी काढली, आणि त्यांत बदल कोणत्या फाईलमध्ये करायचा, कोणती भाषा यायला हवी आणि काम किती अवघड आहे हे लिहून ठेवण्याची प्रथा पाडली. आपल्या यादीत 'नवशिक्यांसाठी' अशी खूण केलेला एक इश्यू (अडचणीची किंवा कामाची नोंद) आहे, त्याचा मजकूर एवढाच: 'शोध नीट चालत नाही, सुधारावा.' याचा अर्थ ज्याने तो लिहिला त्यालाच कळत असेल.

तोच इश्यू कसा लिहिता येईल ते सांगते. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये (अक्षरांना संकेत देण्याच्या जागतिक पद्धतीत) दोन प्रकारे साठवले जाऊ शकते: एकाच संकेताने, किंवा 'र' आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका वाचनालयात 'किनाऱ्यावर' हा शब्द पहिल्या पद्धतीने नोंदवला गेला आणि वाचकाच्या कळफलकाने तो दुसऱ्या पद्धतीने उमटवला, तर पुस्तक कपाटात असूनही सूचीत सापडत नाही. उपाय असा, की नोंद साठवताना आणि शोध घेताना, दोन्ही वेळी मजकूर युनिकोडच्या एनएफसी या एकाच ठरावीक रूपात आणावा. पायथनच्या प्रमाणित लायब्ररीत त्यासाठी तयार फंक्शन आहे. बदल कोणत्या फाईलमध्ये करायचा ते नाव, आज नापास होणारी एक चाचणी, आणि अडल्यास कोणाला विचारायचे ते नाव, एवढे इश्यूत असले की नवा माणूस एका संध्याकाळी ते पुरे करू शकतो आणि त्याला हेही कळते, की आपल्या कामामुळे अमुक गावातल्या वाचकाला पुस्तक मिळाले. असा इश्यू लिहायला, तो स्वतः सोडवण्याहून अधिक वेळ लागतो. तो वेळ खर्च करण्याची तयारी असेल तरच नव्यांना बोलवावे.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. नोकरी करणाऱ्यांच्या करारात अनेकदा असे कलम असते, की नोकरीच्या काळात लिहिलेला कोड कंपनीचा. अशा व्यक्तीने आधी वरिष्ठांकडून लेखी परवानगी घ्यावी, हे स्वागताच्या पानावर स्पष्ट लिहा. आपला कोड लिनक्समध्ये घातला, असा दावा एससीओ या कंपनीने २००३ साली आयबीएमवर लावला, त्यानंतर २००४ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) प्रकल्पाने प्रत्येक पॅचखाली 'हे देण्याचा मला अधिकार आहे' अशा अर्थाची सही मागायला सुरुवात केली. ती एक ओळ आपणही मागावी. वकील लागत नाही आणि पुढची भांडणे टळतात.

कुळागर

मी कोड लिहीत नाही. आमच्या गावचे वाचनालय सांभाळतो आणि मांडवीकाठबाबांची प्रणाली वापरतो. शेवंतीताईंनी 'ऱ'चे जे सांगितले ते वाचून, काही पुस्तके यादीत असून सापडत का नाहीत याचा उलगडा झाला.

आमच्या गावात जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होते. नव्या मुलाला पहिल्याच वर्षी नायकाची भूमिका कोणी देत नाही. तो पडदा ओढतो, प्रॉम्प्टिंग करतो, पण तालमीला पहिल्या दिवसापासून बसतो आणि हस्तपत्रिकेवर त्याचे नाव इतरांबरोबर छापले जाते. तीन-चार वर्षांत सगळ्यांचे संवाद त्याला पाठ झालेले असतात. तुमच्या प्रकल्पात तालीम कुठे बघायला मिळते, हे मला कळलेले नाही. जाणकार दोघे आपसांत फोनवर बोलून ठरवतात आणि बाकीच्यांना ठरलेले तेवढे दिसते.

भाषेबद्दलही सांगतो. मदतीची सगळी पाने इंग्रजीत आहेत. कोड इंग्रजीत असावा, त्याला माझी हरकत नाही. पण इश्यू मराठीत किंवा कोंकणीत लिहिला तरी चालेल, असे कुठेतरी लिहिलेले असावे. आम्हा वाचनालयवाल्यांना चूक कुठे होते ते नेमके सांगता येते, इंग्रजीत लिहिण्याचाच संकोच होतो. शिवाय आमच्याकडे जुन्या याद्या शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पडून आहेत, युनिकोडच्या आधीच्या. त्या बदलून देणारा प्रोग्रॅम कोणी लिहिला, तर त्याची तपासणी मी माझ्या वाचकांना बसवून करून देईन.

खाजन

कुळागर यांचा फोनचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. निर्णय कसा झाला हे नव्याला वाचता आले नाही तर तो कायम बाहेरचाच राहतो. फोनवर बोलायला हरकत नाही, पण बोलणे संपल्यावर संबंधित इश्यूखाली चार ओळी पडल्या पाहिजेत, आणि त्यांत जो पर्याय सोडून दिला तो का सोडला हेही आले पाहिजे.

आता विश्वासाबद्दल. माणसांची टंचाई असली की जो कोणी येईल त्याच्या हाती किल्ल्या देण्याचा मोह होतो. एक्सझेड या डेटा आकुंचित करणाऱ्या लायब्ररीचे प्रकरण या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिचा मेंटेनर एकटाच होता आणि थकलेला होता. जिया टॅन या नावाने वावरणारी एक व्यक्ती २०२१ पासून पॅच पाठवू लागली. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी 'काम रखडले आहे, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या' असा तगादा लावला. अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला गेला. अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे जाण्याच्या पद्धतीने) लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो याचे कुतूहल वाटले, म्हणून मार्चअखेरीस तो उघडकीला आला.

यावरून नव्यांकडे संशयाने पाहावे असे मी म्हणत नाही. वाचनालयाच्या सूचीत चोरदरवाजा घालायला कोणी दोन वर्षे खर्च करणार नाही, हे मलाही कळते. पण वाचकांची नावे आणि फोन नंबर तुमच्या डेटाबेसमध्ये आहेत, तेव्हा थोडी शिस्त हवी. कोणाचाही बदल, अगदी मांडवीकाठ यांचासुद्धा, दुसऱ्या कोणीतरी पाहिल्याशिवाय मूळ शाखेत, म्हणजे मुख्य कोडमध्ये, जाऊ नये. नव्याला आधी इश्यूंची वर्गवारी करण्याचा अधिकार द्या, मग रिव्ह्यूचा, आणि आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा सर्वांत शेवटी. कोणत्या पायरीवर काय मिळते हे लिहून ठेवले, की मागणाऱ्यालाही संकोच वाटत नाही आणि नाकारणाऱ्यालाही.

पठार

एक भर घालतो. हल्ली विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून कोड लिहून घेऊन तो जसाच्या तसा पाठवतात. इंटरनेटवरून माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या कर्ल या मुक्त स्रोत साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून अशा साधनांनी रचलेल्या पोकळ सुरक्षा-अहवालांबद्दल जाहीरपणे लिहीत आले आहेत. दिसायला अहवाल व्यवस्थित, पण तपासणाऱ्याचे तास खाऊन शेवटी त्यात काहीच निघत नाही. सरसकट बंदी पाळली जाणार नाही. त्याऐवजी पाठवणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: ही ओळ काढली तर कोणती चाचणी नापास होईल? ज्याने काम समजून केले आहे तो पाच मिनिटांत उत्तर देतो.

मांडवीकाठ

सर्वांचे आभार. चर्चेतून जे घेतले ते सांगतो. स्वागताचे पान नव्याने लिहून त्यात प्रकल्पाचा हेतू, नोकरीतल्या परवानगीचा मुद्दा आणि सहीची ओळ आज घातली आहे. इश्यू मराठीत, कोंकणीत किंवा इंग्रजीत लिहिता येतील. नव्यांना उत्तर देण्याची जबाबदारी या महिन्यात माझी आणि पुढल्या महिन्यात माझ्या सहकाऱ्याची. खाजन, आठवड्यातून एकदा रिव्ह्यूसाठी आपण वेळ देऊ शकाल का? आपली सूचना आपल्यावरच उलटवतो आहे, हे मला कळते.

पठार सरांनी सुचवल्याप्रमाणे महाविद्यालयात शिक्षकांना भेटायला गणेश चवथीनंतर जाऊ. चवथीच्या आधी कोणी भेटणार नाही आणि चवथीत आम्हीही गावी असू. कार्यशाळा तूर्त घेत नाही. पायऱ्यांबाबत माझे अजून पूर्ण समाधान झालेले नाही. आमच्यासारख्या लहान गटात तीन पायऱ्या जरा जास्त होतील असे वाटते, त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

'ऱ'चा इश्यू शेवंती यांच्या मजकुरावरून पुन्हा लिहिला आहे. वर्णक्रमाचाही तसाच लिहिला. एसक्यूलाइट नेहमीच्या पद्धतीने युनिकोडच्या संकेतक्रमानुसार शब्द लावते आणि तिथे 'ळ' हे 'ल'च्या लगेच पुढे येते. मराठी वर्णमालेत ते 'ह'नंतर यायला हवे. तुलनेचे फंक्शन कोणत्या फाईलमध्ये आहे ते इश्यूत दिले आहे.

नवा_फोंडेकर

नमस्कार, मी तिसऱ्या वर्षाला आहे. वर्णक्रमाचे काम मी घेऊ का? फाईल वाचली. 'ळ' 'ह'नंतर न्यायचे ते समजले आणि त्याची चाचणीही लिहून पाहिली. पण 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठे ठेवायचे? शाळेत ती अक्षरे शेवटी शिकवली होती. युनिकोडमध्ये मात्र ती 'क' आणि 'ज' यांची जोडाक्षरे आहेत, त्यामुळे 'क्षमा' हा शब्द 'क'मध्येच येतो.

खाजन

जरूर घ्या. इश्यूवर तुमचे नाव टाकले आहे. 'क्ष'चा प्रश्न योग्य आहे, पण तो कोड पाहून सुटणार नाही. कुळागर, तुमच्या कार्डांच्या पेटीत 'क्ष'ने सुरू होणारी पुस्तके कुठे लावलेली आहेत? मांडवीकाठ, शनिवारी सकाळी रिव्ह्यूला बसू शकेन, त्याहून अधिक जमणार नाही.

कुळागर

आमच्याकडे 'क'मध्येच आहेत. म्हापशाच्या एका वाचनालयात मी शेवटी लावलेली पाहिली आहेत, आणि तिथला वाचक तिथेच शोधतो. दोन्ही सोयी ठेवता येत असतील तर वाचनालयाला निवडू द्यावे.

नवा_फोंडेकर

मग सेटिंगमध्ये पर्याय ठेवतो आणि वाचनालयाने काही निवडले नाही तर क्रम 'क'मध्ये असा धरतो. 'ळ'चा बदल वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये आज रात्री पाठवतो, म्हणजे शनिवारपर्यंत तो अडकून राहणार नाही.